पावलं मोजणारा

त्याच्या फौजेत पावलं मोजणारी माणसं होती,
हे मला फार उशिरा कळलं.
भालेवाले, घोडेस्वार, शकुन सांगणारे, आचारी,
आणि त्यांच्यामागून ओठ हलवत,
एकसारखी ढांग टाकत जाणारे हे.
जग जिंकायचं सिकंदराने. मोजायचं यांनी.
मी निघालो तो यांच्यातल्याच एकाच्या मागे,
ज्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही.
चौतीस वर्षं मोजणी खात्यात साखळी ओढली,
राजांतलं मला काय कळतं!

पोलातलीच्या पुढे एका खेड्यात बस थांबली.
कुत्री झोपलेली, टेकाडं बोडकी, गव्हाची धसकटं.
इथेच कुठेतरी ती गाठ होती,
त्याने तलवारीने तोडलेली.
ओट्यावर शाझिये हनुम
लोकरीचा गुंता घेऊन बसली होती.
खुणेने म्हणाली, हात पुढे कर.
केले. तिने लड माझ्या मनगटांवर चढवली
आणि पाऊण तास मी तसाच,
हात पसरून, शरण आल्यासारखा.
सुरगाठ आली की बोटाने,
निरगाठ आली की दातात धरून.
कात्री शेजारीच पडली होती.
शेवटची सुटली तेव्हा ती काहीतरी पुटपुटली,
शिवी असावी.
माझा त्या दिवसाचा आकडा
तिथेच कुठेतरी सांडला.

मग दक्षिणेला, दोर्त्योलला.
रणांगण होतं तिथे आता संत्र्यांच्या बागा,
किंवा तिथे नाही, दोन ओढे पलीकडे;
विद्वानांचं एकमत नाही, ओढ्यांचंही नाही.
कुतैबा इद्लिबचा, वय एकोणीस,
पेट्या भरतो, खिळे मारतो.
दिवसाला किती होतात, मी विचारलं.
मोबाइलमधल्या बाईच्या सपाट आवाजात
त्याचं उत्तर आलं:
मोजत नाही. मोजलं की घर लांब जातं.
मी वही खिशात घातली,
आणि मागे वळल्यावर परत काढली.

मधले देश गाळले.
एका सीमेवर शिक्का मिळाला नाही,
दुसरीवर गुडघ्याने नकार दिला.
जी वाट तुडवायला त्यांना वर्षं लागली,
घोडे मेले, माणसं बर्फात बसली ती उठली नाहीत,
ती मी खिडकीची झापड ओढून
झोपेत ओलांडली.
लाज वाटली. जेवणात भात बरा होता.

खुजंद.
सिर दर्या रुंद, मातकट, कसलीच घाई नसलेली.
इथे त्याने आपल्या नावाचं सगळ्यात लांबचं गाव वसवलं;
वीस दिवसांत भिंत उभी केली म्हणतात.
थकलेले, लंगडे, उपयोग संपलेले इथेच ठेवले
आणि तो निघून गेला.
माझा मोजणारा त्यांच्यातच राहिला असणार,
मी धरून चाललो आहे.
सकाळी नदीवर येऊन बसत असेल,
आकडे तोंडपाठ, विचारणारं कुणी नाही.

पंजशंबे बाजारात सर्वीनोझ जर्दाळू विकते.
हिंदी सिनेमातून उचललेल्या पन्नासेक शब्दांवर
आमचं भागलं.
नवरा येकातेरिनबुर्गला, विटांच्या कामावर.
थोरला तिकडेच, धाकटा या पावसाळ्यात,
नाही, इथे पावसाळा नसतो,
या हेमंतात जाईल.
जग जिथे संपलं असं त्यांना वाटलं होतं
तिथून आता दर आठवड्याला बस सुटते.
गावात पुरुष येतात ते लग्नाला, नाहीतर मयताला.

तागडी सरळ झाली. त्यावर तिने
एक मूठ जास्त टाकली.
मोजणी खात्यात असं चालत नाही.
मग विचारलं, तुझं घर इथून किती?
मी वही उघडली.
पानापानावर शाई, बेरजा, खाडाखोड,
पोलातलीच्या रकान्यात नुसती रेघ.
वही मिटली.
लांब, मी म्हणालो.
तिने मान हलवली, आणखी चार टाकले.

संध्याकाळी नदीकाठाने परत येताना
एक एक बी दगडाने फोडत होतो.
काही गोड निघाली, एक जहर कडू.
ओठ हलत होते.
खाण्यामुळे असेल.